आमचे घोषणाबाज डॉक्टर गवई

डॉक्टर गवईंना चहा हवा असला की ते तो मागत नसत, घोषणा देत. खुर्चीत बसल्या बसल्या मूठ वर करून गरजत, "चहा आमच्या हक्काचा!" आणि स्वयंपाकघरातून सुलेखाकाकू त्याच तालात उत्तर देत, "दूध संपलंय, दूध संपलंय!" मग डॉक्टर निमूट कोट चढवून कोपऱ्यावरच्या दुकानात जात. मँचेस्टरमध्ये आम्ही त्यांच्या शेजारी राहायला गेलो, त्याच संध्याकाळी मधल्या पातळ भिंतीतून हा संवाद आला. माझी बायको म्हणाली, "अहो, शेजारी संप चाललाय वाटतं."

पेशानं ते भूल देणारे डॉक्टर. "दिवसभर लोकांना झोपवतो, सुधीर. घरी आल्यावर निदान जागं तरी करू दे," असं म्हणत. शिक्षण औरंगाबादचं. तिथं वसतिगृहाच्या पाण्यासाठी, थकलेल्या स्कॉलरशिपसाठी, जेवणातल्या किड्यांसाठी त्यांनी इतके मोर्चे काढले होते, की डॉक्टरकीचा अभ्यास कधी केला हे काकूंनाही कोडं होतं. इंग्लंडमध्ये अर्धं आयुष्य गेलं, पण कान मोर्चेकऱ्याचाच राहिला. "घोषणेवर पाऊल पडलं पाहिजे. पाऊल अडखळलं की मोर्चा अडखळला!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ट्राममध्ये दारापासून सांभाळा अशी सूचना आली की हे मांडीवर ताल धरून बघत आणि मान हलवत, "छे. चालत नाही." समोरची बाई घाबरून जागा बदलायची.

मराठी मंडळाच्या दिवाळीत जेवणाची रांग तेच लावत. स्पोर्ट्स डेचा कर्णा वर्षभर त्यांच्याच घरी असे. परत मागायची कोणाची छाती नव्हती.

त्या शरद ऋतूत आमच्या मीराच्या कॉलेजातला जेरोम नावाचा मुलगा गेला. सिक्स्थ फॉर्ममध्ये, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीत, केमिस्ट्रीला तिच्या शेजारच्या बाकावर बसायचा. टेकअवेच्या दुकानाबाहेर चिप्स घ्यायला उभा होता. गोळी दुसऱ्याच कोणासाठी होती, लागली त्याला. मीरा खोलीतून बाहेर येईना. जेवायला बोलावलं तर म्हणायची, "माझा भूक नाही, बाबा." तिचं मराठी सुधारायची ती वेळ नव्हती.

मग एका संध्याकाळी तिच्या मैत्रिणी आमच्याकडे जमल्या. सगळ्यांनी मिळून वर्गाबाहेर पडायचं, पार्कपर्यंत चालत जायचं, बंदुका बंद करा म्हणायचं, असं ठरलं. मोठ्या कागदावर घोषणाही लिहून झाली. नेमके तेव्हाच डॉक्टर आमची शिडी परत करायला आले.

मीरा म्हणाली, "काका, बघ ना. घोषणा चांगला आहे?"

डॉक्टरांनी चष्मा चढवला आणि वाचलं. आपल्या परिसरातील बंदुकांच्या सुलभ उपलब्धतेचा सर्वंकष फेरविचार व्हावा, अशा अर्थाचं चार ओळींचं इंग्रजी होतं.

"पोरी, ही घोषणा आहे की थिसिस? पुढचा पहिला शब्द म्हणेल तोवर मागचा घरी जाऊन जेवलेला असेल!"

मुली कित्येक दिवसांनी हसल्या. शिडी दारातच राहिली आणि आमच्या बैठकीच्या खोलीत मोर्चाची शाळा सुरू झाली. सोफा सरकवून डॉक्टरांनी मुलींना गोल गोल चालवलं. "डावा पाय! मूठ डोक्याच्या वर, शेजारणीच्या नाकात नाही!" बऱ्याच घोषणा बाद झाल्या. शेवटी कोपऱ्यात गप्प असलेली एक मुलगी हळूच म्हणाली, "लेट अस ग्रो ओल्ड." आम्हाला म्हातारं होऊ द्या.

डॉक्टरांनी मांडीवर ताल धरला. लेट अस, ग्रो ओल्ड. दोनदा म्हणून पाहिलं. मग चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले. "चालते," एवढंच म्हणाले.

मुली हेडमास्तरांना न सांगता जाणार होत्या. डॉक्टरांना ते पटेना. "चोरून जायला तुम्ही सिनेमाला चाललाय का? जाऊन सांगा. कुठून जाणार, कुठे थांबणार आणि परत वर्गात कधी येणार. बाहेर कोणीही पडतं, परत येणाऱ्याला लोक मान देतात."

हेडमास्तरांनी शांतपणे ऐकलं आणि परवानगी नाकारली. जो बाहेर जाईल त्याची गैरहजेरी लागेल, पालकांना कळवलं जाईल. मीरा रडकुंडीला येऊन डॉक्टरांकडे गेली. मीही मागोमाग गेलो. खरं सांगायचं तर तिचं युनिव्हर्सिटी प्रवेशाचं वर्ष होतं आणि डॉक्टरांनी तिला थोपवावं असं मला वाटत होतं.

ते म्हणाले, "लागू दे गैरहजेरी. फुकटचा निषेध कोणाच्या लक्षात राहतो? पण भीती वाटणाऱ्याला ओढू नकोस. आणि गेटाला कोणी लाथ मारली तर मी स्वतः त्याचा कान धरीन."

मोर्चाच्या दिवशी मँचेस्टरच्या मानानं बरी हवा होती, म्हणजे पाऊस आडवा नव्हता, उभा होता. मी ऑफिसातून रजा काढून गेटाबाहेर उभा राहिलो. शेजारी गळ्यात कर्णा अडकवून डॉक्टर. मीराला वाटत होतं, फक्त मैत्रिणी येतील. घंटा झाली आणि दारातून मुलं येतच राहिली. दोन-दोनच्या रांगेत, न धावता. कडेला दोन शिक्षकही होते. गेट वाऱ्यानं सारखं बंद होत होतं. हेडमास्तर आले, त्यांनी ते धरलं आणि शेवटचा मुलगा बाहेर पडेपर्यंत पावसात धरून ठेवलं. गैरहजेरी मात्र सगळ्यांची लावली.

डॉक्टरांनी कर्णा तोंडाशी नेला, इतक्यात एक बाई रस्ता ओलांडून आली. जेरोमची आई, मिसेस फ्रान्सिस. मीराचा हात धरून ती म्हणाली, "माझ्या घराबाहेर रोज गलका असतो गं. पत्रकार, पोलीस. आज तरी ओरडू नका. माझ्याबरोबर नुसतं चाला."

मीरानं डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांनी कर्णा गळ्यातून काढून माझ्या हातात दिला. "ऐकलंस ना? आईचा शब्द. चला."

सगळी मुलं एक अक्षर न बोलता पार्कपर्यंत चालली. डॉक्टर सर्वांत शेवटी, कोणी मागे राहत नाही ना ते बघत.

पार्कात मुलं झाडाखाली फुलं ठेवत असताना मिसेस फ्रान्सिस आमच्याकडे आली आणि डॉक्टरांसमोर थांबली.

"तुम्ही होतात. त्या दिवशी सर्जनबरोबर ऑपरेशन थिएटरमधून बाहेर आलात. काहीच बोलला नाहीत."

मी डॉक्टरांकडे बघतच राहिलो. आमच्या खोलीत मुलींना चालवताना, हेडमास्तरांबद्दल बोलताना, या माणसानं याबद्दल कधी अवाक्षर काढलं नव्हतं.

"हो. मीच त्याला भूल दिली," डॉक्टर म्हणाले.

"तो घाबरला होता का?"

मला वाटलं, आता ते नाही म्हणतील. कोणीही म्हटलं असतं.

"हो. थोडा घाबरला होता. पण त्याला जास्त काळजी बुटांची होती. आमच्याकडे कपडे, बूट कात्रीनं कापतात, वेळ नसतो. तो म्हणाला, डॉक, बूट कापू नका, नवे आहेत. मग नर्सेस बाकीचं बघत होत्या तोवर मी लेस सोडून काढले. ते पाहिलं आणि झोपला."

मिसेस फ्रान्सिसनं तोंडावर हात ठेवला. ती रडतेय असं मला वाटलं, पण ती हसत होती आणि रडतही होती. "त्या बुटांपायी माझं डोकं खाल्लं होतं त्यानं!"

दोघं ओल्या बाकावर बसली. मुलं ठरल्याप्रमाणे वर्गात परतली, मीही निघालो.

पुढे दर शनिवारी डॉक्टर मिसेस फ्रान्सिसला (आता ते तिला मार्शिया म्हणत) गाडीतून बाजारात नेऊ लागले. एकदा मी त्यांच्याकडे बसलो होतो, तर ते पिशवी घेऊन आले. काकूंनी आतून काळपट सालीची भलीमोठी केळी काढली.

"अहो, ही काय केळी आणलीत? पार काळी पडलीत!"

"ती अशीच लागतात. मार्शियानं निवडून दिलीत. काप करून तळायची."

"आणि खाणार कोण एवढी?"

डॉक्टरांनी बाह्या वर केल्या आणि स्वतःच सुरी घेतली.

"आपण खाऊ," ते म्हणाले. "जेरोमला आवडायची."