डाव्या खांद्याची मोहीम

श्री. बनात, बटण आणि अस्तर या तिहींस वंदन करून वर्तमान लिहिले जाते ऐसे जे, एल्बे नदीचे तीरी ड्रेस्डेन शहरी रीके नामे कन्या, वय वर्षे पंधरा, हिने नोव्हेंबराचे दुसरे शनवारी जुन्या बाजारावर स्वारी करून डावा खांदा कैसा सर केला, ते पदरचे न घालता, घातलेच तर शोभेल इतुकेच.

पूर्वपीठिका ऐसी की, रीकेचे आजोबा गोटहार्ट यांचे कपाटी खापरपणजोबांचा निळा लष्करी कोट होता. खापरपणजोबा त्याच मुलखाचे, म्हणजे सॅक्सनीचे, पायदळात शिंग फुंकीत आणि वाजंत्री शिपायाचे दोहों खांद्यांस लाल बनातीचे, पांढऱ्या फितीचे अर्धचंद्र आकड्यांनी अडकवीत, त्यांस पाकोळीची घरटी ऐसे म्हणत. उजवे घरटे कायम होते आणि डावे तीन पिढ्या बेपत्ता. मग हेर, म्हणजे जर्मन भाषेत श्रीयुत, जासूद नव्हे, टिल्गनर नामे थोर पारखी, ज्यांचे खिशात सदैव भिंग, त्यांनी घरी येऊन आजोबांपुढे पैगाम ठेविला की एका पंखाच्या कोटाला कसर लागायची, त्यापेक्षा मला द्या, काचेच्या कपाटात ठेवतो. रीकेने हरकत घेतली तो हेर हसले.

"पोरी, बटण शिवशील तू. ओळखायला आयुष्य जातं."

आजोबा शांतताप्रिय. त्यांचा हुकूम जाहला की शनवारचा बाजार उठेतो डावे घरटे आणिलेस तर कोट आणि कपाटाची किल्ली तुझी, नाहीतर हेरांची.

मग शनवारी सकाळी सात वाजता रीकेची स्वारी सायकलीवर आरूढ होऊन, डोईस स्वहस्ते विणलेली लाल लोकरी गोंडेदार टोपी, खिशात लिव्हरवुर्स्टची, म्हणजे कलेजीच्या सॉसेजची, पोळी नव्हे, पावच, ऐसी नदीकाठी दाखल जाहली. पहिले दुकानी एक अंगरखा उत्तम दिसला, परंतु दोरा उन्हात नायलॉनसारखा चकाकला, सबब नाटकवाल्यांचा ठरून बाद. दुसरे दुकानी पूर्व जर्मनीची पाटलोण, तिसरे दुकानी अग्निशमनवाल्याचा कोट, आणि दुकानदार शपथेवर सांगे की तो कैसरच्या शिपायाचा. रीकेने बटण उलटून मागील छाप दाखविला, तो दुकानदारास खोकला आला. ऐसे करिता दुपारचा एक वाजला, हात गारठले, उमेद खचली, आणि बाजार दोन वाजता उठणार.

मग स्वारी कॉफीस्तव फ्राऊ, म्हणजे श्रीमती, म्यूल्बाख यांचे दुकानी गेली. तेथे हेर टिल्गनर बैसले होते, जैसे अकरा वर्षे दर शनवारी बैसत.

"काय गं, घरटं सापडलं का पाखरू उडालं?" हेर पुसते जाहले.

रीकेची नजर कॉफीच्या किटलीवर खिळली होती. किटलीवर, कॉफी कढत राहावी म्हणून, टोपी होती. टोपी अर्धचंद्राकार, मागून चौकटीचे फडके, पुढून लाल बनात, वर पांढऱ्या फिती तिरक्या उतरलेल्या, उजव्याचे हुबेहूब उलट. मग रीकेने काठास बोट लावून चाचपले, तो अस्तराआड अडकवायचे पाच आकडे लागले. एका उसवल्या टाक्यातून आत पाहता पलटणीचा शिक्का दिसला आणि साल एकोणीसशे बारा. शिक्का आणि साल, दोन्ही कोटावरल्याप्रमाणेच.

"काकू, ही टोपी मला द्याल?"

"हिला हात लावायचा नाही. माझ्या आईनं शिवलीय. सॅक्सनीच्या माणसाला उपाशी ठेव, पण गार कॉफी देऊ नको, असं ती म्हणायची."

हेरांनी भिंग लाविले, त्यांचे तोंडचा रंग उतरला, आणि लगोलग ऐंशी युरो बोलते जाहले. फ्राऊंनी त्यांस खाली बसविले.

"अकरा वर्षं हिच्याखालची कॉफी पिताय. तेव्हा भिंग कुठं होतं?"

तेव्हा रीकेने मसलत केली आणि आपले डोईची लाल टोपी, जीस दोन हिवाळे खर्ची पडले होते, ती काढून किटलीस घातली. बेतशीर बसली. फ्राऊंनी फर्माविले की अर्धा तास थांबायचे. कॉफी कढत राहिली तर अदलाबदल कबूल. अर्धा तास रीके वाऱ्यात उघड्या डोक्याने उभी, कान लाल, आणि शेजारची दुकाने आवरू लागली. मग पेला भरला आणि परीक्षेचा मान हेर टिल्गनर यांस दिला. हेरांनी मोठा घोट घेतला आणि त्यांची जीभ भाजली.

"कशी आहे?" फ्राऊंनी पुसले.

"हं," इतकेच हेर बोलिले, याहून अधिक त्यांस बोलवेना.

येणेप्रमाणे दोन वाजण्यास दहा मिनिटे असता तह जाहला. संध्याकाळी पाच आकडे खांद्यावरल्या पाच नाक्यांत बसले, कोटास दोन्ही पंख आले. हे खापरपणजोबांचेच घरटे की त्यांचे सोबत्याचे, ते शिक्का सांगत नाही आणि आजोबांनीही विचारिले नाही. त्यांनी किल्ली नातीचे गळ्यात घातली, आयरशेके केकाचा मोठा तुकडा इनाम दिला, आणि हुकूम जाहला की हेर टिल्गनर यांनी दर रविवारी कोट पाहावयास यावे, हात पाठीमागे बांधून. सांप्रत रीकेचे कान गार आहेत, किटली गोंडेदार आहे, आणि डावा खांदा फत्ते जाहला, हे वर्तमान सही.