डाव्या कोपऱ्यातले गजाभाऊ

माझं अक्षर वाकडंतिकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाशी माझं कधी जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. तेवढं पोटात घालावं आणि आमच्या शेजारच्या गजाभाऊंकडे बघावं.

गजाभाऊ माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत, घोट्याकडे बघतात. ओट्यावर बसलेले असतात, गल्लीतून कोणी गेलं की मान वर न करता म्हणतात, "काय पाटील, डाव्या पायात वात धरला वाटते." पाटलांच्या घरी हे अजून कोणाला माहीत नसतं. मी लाजरी बाई. परक्या पुरुषासमोर माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. पण लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून गजाभाऊंशी मी बोलते, कारण त्यांनी माझं तोंड अजून पाहिलेलं नाही. ओळख पटायला त्यांना माझी जोडवी पुरतात.

गजाभाऊ कबड्डीत डाव्या कोपऱ्याला खेळायचे. कोपऱ्यातल्या माणसाचं काम एकच. समोरून चढाई करत येईल त्याचा घोटा धरायचा आणि त्याला मधल्या रेषेपर्यंत परत जाऊ द्यायचं नाही. आधी आमच्या शाळेमागच्या मैदानावर खेळले, मग धाड, मोताळा अशा आजूबाजूच्या गावांत. मग पुण्याकडच्या एका कारखान्याने त्यांना आपल्या संघात घेतलं. तिथून ते टीव्हीवरच्या मोठ्या सामन्यांत गेले. त्या सामन्यांसाठी खेळाडूंचा लिलाव होतो. त्यांच्या आईला बैलबाजाराशिवाय लिलाव माहीत नव्हता. ती रडायलाच लागली.

"माह्यं लेकरू इकलं काऊन? दात पाह्यले का त्यायनं?"

"नाही माय," गजाभाऊ म्हणाले, "गुडघा पाह्यला."

पुढच्या वर्षी तोच गुडघा गेला आणि गजाभाऊ गावी परत आले.

"येऊ द्या त्याले. आपुन चढाई करत नसतो," हे त्यांचं नेहमीचं बोलणं. मुलगी पाहायला रोहिणखेडला गेले तेव्हाही खोलीच्या डाव्या कोपऱ्यात जाऊन बसले. मुलगी पोहे घेऊन आली. हे काही विचारतील म्हणून ती थांबली, ती काही बोलेल म्हणून हे थांबले. पोहे थंड झाले. परत येताना म्हणाले, "पोरगी चांगली हाये, पन रेषा ओलांडत नाही." लग्न राहिलं ते राहिलंच. पुढे आई गेली. गजाभाऊ उगाच म्हणून कोणाच्या घरी जात नाहीत. लग्नाची पत्रिका आली तरी कोणी हाताला धरून न्यायला येईपर्यंत घरातच बसतात.

आमच्या घरी तेवढे रोज यायचे. आमच्याकडे त्यांचं काम होतं.

आमच्याकडे कबड्डी चालू असताना बघणारे लोक माईकवरून बक्षीस बोलतात. गजाभाऊ मोठे खेळाडू व्हायच्या आधीची गोष्ट. धामणगाव बढ्याचा एक चढाईवाला कोणालाच सापडेना. तेव्हा आमच्या ह्यांनी माईक घेतला आणि बोलले, "जो याले पकडन त्याले पाचशे एक." खिशात बसभाड्यापुरते पैसे होते. कोणी पकडणार नाही याची ह्यांना खात्री होती. गजाभाऊंनी पकडलं. माईकवरून ह्यांचं नाव पुकारलं तेव्हा हे पाणी प्यायला गेले होते ते थेट घरी आले.

आठ दिवसांनी ह्यांनी पैसे जमवून ओसरीत पुढे केले. गजाभाऊंनी हात मागे घेतला.

"मैदानात बोलले, मैदानात द्या. घरी घेतलं तं उसनं फेडल्यावानी होते."

"लोकं हासतीन मले तिथं."

"हासू द्या. मी काय कुठं पयून नाही राह्यलो."

तेव्हापासून गजाभाऊ गावात असले की संध्याकाळी यायचे, ओसरीच्या डाव्या कोपऱ्यात उभे राहून चहा प्यायचे आणि विचारायचे, "मंग दादा, येता का मैदानात?" हे म्हणायचे, "उद्या." मग गजाभाऊ घरी जायचे. कितीतरी वर्षं दोघांचं एवढंच बोलणं झालं.

मागच्या वर्षी ह्यांना लकवा मारला. डावा पाय उचलेना. बुलढाण्याच्या दवाखान्यातून घरी आणलं आणि ह्यांनी भिंतीकडे तोंड केलं. माणसं केळी घेऊन आली, बसली, गेली. डॉक्टरांनी चालवा म्हणून सांगितलं होतं. हे कोणाचं ऐकेनात.

संध्याकाळी गजाभाऊ आले. कोपऱ्यात गेले नाहीत. ह्यांना धरून उभं केलं, ह्यांचे दोन्ही हात माझ्या खांद्यावर ठेवले, आणि आपला तो मोडका गुडघा टेकून खाली बसले. दोन्ही हातांनी ह्यांचा घोटा धरला. मी घाबरले. त्या पकडीतून चांगले चांगले सुटले नव्हते.

"सोड बे," हे म्हणाले.

"सोडत नसतो आपुन. टाका पाय."

पाय उचलून त्यांनी पुढे ठेवला. मग दुसरं पाऊल. सकाळ-संध्याकाळ, ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. हे शिव्या द्यायचे, कधी रडायचे. गजाभाऊ वर बघत नव्हते, त्यामुळे रडणं त्यांना दिसत नव्हतं. पकड तीच होती, फक्त आता पाय पुढे जात होता.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी हे काठी घेऊन स्वतः निघाले. मागे गजाभाऊ, त्यांच्यामागे मी. शाळेमागे पोरं खेळत होती, ती थांबली. हे मधल्या रेषेवर उभे राहिले, खिशातून पैसे काढले आणि माईक असल्यासारखे मोठ्याने बोलले, "पाचशे एक. डावा कोपरा, गजानन." पोरांना काही कळलं नाही, तरी त्यांनी टाळ्या वाजवल्या. कोणी हसलं नाही. गजाभाऊंनी पैसे घेतले. नजर ह्यांच्या घोट्यावरच होती.

"झालं मंग," ते म्हणाले, आणि चहा न घेता घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सवयीने मी एक कप जास्त चहा टाकला. हे म्हणाले, "कोनासाठी? त्याचं काम सरलं आता."

तेवढ्यात दारात सावली पडली. गजाभाऊ होते. एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर. माझ्या जोडव्यांकडे बघत म्हणाले, "वहिनी."

"या," मी म्हणाले. "चहा झालाच आहे."

"काम काही नाही," ते म्हणाले, आणि दुसरा पाय आत घेतला.

काम खरंच नव्हतं. पैसे कालच पूर्ण फिटले होते.