आमराईपलीकडील मेल्या तारेची हकीकत

विद्युल्लता प्रसन्न असो, नसल्यास निदान खांब तरी उभे राहोत. शके एकोणीसशे शेहेचाळीस, चैत्र शुद्ध पंचमीस, एका राज्यात वीजखात्याचे दिवाणजी यांचे मनी आले की, राज्यातील समस्त खांब व तारा यांचा नकाशा करावा. वायरमनांस पुसावे, तर त्यांचे पाय चिखलाचे, दरबारचा गालिचा मळतो. मग आकाशी ड्रोन उडविले आणि वरून तसबिरी घेतल्या आणि त्या कृत्रिम बुद्धीच्या यंत्रास दाखविल्या आणि यंत्राने तीन दिवसांत नकाशा सिद्ध केला आणि दरबारी पेढे वाटले. नकाशात तार वाडीच्या आमराईपाशी येऊन संपली, कारण झाडांखाली ती वरून दिसेना. पलीकडे पुन्हा निघाली, ती यंत्राने ‘मृत तार, उतरवावी’ ऐसी लिहिली.

कामगिरी सिदोजी घारे वायरमन यांजवर आली आणि ती पाहावयास दिवाणजी राजधानीचे पाहुणे मोटारीतून घेऊन खांबापाशी हजर जाहले. बावीस वर्षे खांबावर चढलेला असामी, तो खांबाखाली उभा राहिला आणि त्याने शिडी खाली ठेविली, कारण वाडीतील पिठाची गिरणी धडधडत होती.

“सरकार, तार जित्ती हाय. गिरणी काय वाऱ्यावर चालतीया?”

दिवाणजी वदले, “यंत्र तुझ्यापेक्षा हुशार आहे. चढ.”

“आधी साखळी टाकू द्या.”

लोखंडी साखळीचे एक टोक जमिनीत रोवावे, दुसरे तारेवर फेकून दूर व्हावे आणि मगच हात लावावा, हा वायरमनांचा रिवाज. तार जित्ती असल्यास साखळी सांगते, बायकोला येऊन दुसऱ्याने सांगावे लागत नाही.

“साखळी म्हणजे यंत्रावर अविश्वास! राजधानीचे पाहुणे बघतायत, अब्रू घालवतोस काय?”

“मग आपनच चढा की. म्या शिडी धरतो.”

दिवाणजींस तत्क्षणी कंबरदुखी आठवली. मग सिदोजीने हुकूम मोडून साखळी फेकली आणि कानठळ्या बसविणारा आवाज जाहला आणि निळा जाळ उठला आणि गिरणी थांबली आणि पाहुणे मोटारीत शिरले.

गिरणीवाली हौसाबाई पिठाच्या हातांनी धावत आली. “कुन्या मुडद्यानं लाइट घालवली? अर्धं दळण जात्यात हाय माझं!”

दिवाणजींनी कपाळीचा घाम पुसला आणि मंद हास्य केले. “पाहा, गिरणी बंद. म्हणजे तार मृतच. यंत्र चुकत नाही.”

येणेप्रमाणे नकाशा खरा ठरला, दिवाणजींस बढती जाहली आणि हुकूम मोडला म्हणोन सिदोजीस घरी बसविले. तो जिता घरी बसला, एवढी एक चूक मात्र दरबारास दुरुस्त करता आली नाही.