पदूतात्यांचा लाल दिवा

पदूतात्या गाडीची हजेरी घेत. चावी अर्धी फिरवली की स्टिअरिंगपुढचे सगळे दिवे एकदम लागतात. तात्या एकेका दिव्यावर बोट ठेवून विचारत, "तेल?" आणि स्वतःच उत्तर देत, "हाय." "ब्रेक?" "हाय." "बॅटरी?" "हाय." मग इंजिन सुरू करायचं आणि दिवे विझले की तितक्याच गंभीरपणे "गेले" म्हणायचं. मी मास्तर आहे, पण माझ्या वर्गात इतकी शिस्तशीर हजेरी कधी झाली नाही.

तात्या माझे घरमालक. ते खाली राहत, मी वरच्या मजल्यावर. मानकोलीतल्या भाताच्या खाचरांत गोदामं उभी राहू लागली होती, तेव्हा त्यांनीही जमीन विकली आणि भिवंडीत हे घर आणि ही जुनी पांढरी गाडी घेतली. गाडीवर ते गोधडी घालत. हॉर्न कधी वाजवत नसत. "हॉर्न बॅटरी खातो," असं त्यांचं म्हणणं. कापडाच्या गाठींनी भरलेली हातगाडी आडवी आली की ते खिडकीतून अर्धे बाहेर येऊन "भाई, जरा बाजू" म्हणत. वळतानाही हातच बाहेर काढत, कारण इंडिकेटरही बॅटरीच खातो. मागच्या रिक्षावाल्यांना वाटे, म्हातारा कुणाला तरी बोलावतोय.

हिराकाकू, म्हणजे त्यांची बायको, मात्र या घरात नव्हत्या. जमीन दिली ती तात्यांनी काकूंना न विचारता. त्या शेतात काकूंनी लग्न होऊन आल्यापासून लावणी केली होती. त्या भांडल्या नाहीत. आई आजारी आहे म्हणून अकलोलीला माहेरी गेल्या. पुढे आई वारली, तरी त्या आल्या नाहीत. तात्यांना मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "मी जा म्हटलं न्हाय. आता ये कसं म्हनू?"

दर रविवारी मात्र तात्या अकलोलीलाच जात. गुडघ्यांसाठी, गरम पाण्याच्या कुंडांत बसायला. सोबतीला मी असे. जाताना गाडी गुणी मुलासारखी चाले. वज्रेश्वरीला मी चहा सांगायला उतरायचो, तात्या "जरा पानी-तेल बघतो" म्हणून बॉनेट उघडायचे. तिथून निघालो की थोड्याच वेळात बॅटरीचा लाल दिवा लागायचा.

"मास्तर, दिवा लागला," तात्या म्हणत. "दिवा खोटं बोलत न्हाय."

हळूहळू इंजिन तापे आणि नेमकं काकूंच्या दारासमोर गाडी थांबवावी लागे. बॉनेटमधून वाफ निघू लागली की काकू कळशी घेऊन बाहेर येत. "गरम झाली," तात्या म्हणत. "दिसतंय," काकू म्हणत. मग तात्या बॉनेट उघडून गाडी थंड होण्याची वाट बघत. ती नेहमीच फार सावकाश थंड होई. तोवर काकू ओट्यावर उभ्या, तात्या बॉनेटपाशी, आणि मध्ये मी, हातात कळशी घेऊन. शेवटी पाणी ओतायचं, तात्यांनी बॉनेटखाली थोडी खुडबुड करायची, की दिवा गेला.

मला धास्ती वाटू लागली. एखाद्या दिवशी गाडी आडरानात बंद पडली तर? तात्यांना कसंबसं राजी करून मी त्यांना कल्याण नाक्याजवळच्या इस्माइलभाईंच्या गॅरेजवर नेलं. इस्माइलभाई गाडीचे जुने जाणकार. त्यांनी मीटर लावून बॅटरी तपासली, ती ठणठणीत होती. बॅटरी चार्ज करणारा डायनमोही चालू होता. दिवा बॅटरीचा दिसतो, पण तो लागतो चार्जिंग होत नसलं की, असं त्यांनी मला समजावलं. इंजिनवरचा पट्टा सैल असला की डायनमो फिरत नाही, आणि त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंपही चालतो, म्हणून इंजिन तापतं. पण पट्टाही व्यवस्थित ताणलेला होता. मग ते वाकून पट्टा ताणायच्या बोल्टाकडे बघत राहिले. बोल्टाचे कोपरे पान्यानं झिजून चकचकीत झाले होते.

"मास्तर, ये पट्टा कोई ढीला करता है," ते म्हणाले. "और वही टाइट भी करता है."

त्यांनी तात्यांकडे पाहिलं. तात्या दूरच्या एका ट्रककडे बघत होते. इस्माइलभाई नवा बोल्ट काढून बसवू लागले. तेव्हा तात्या त्यांच्याजवळ सरकले आणि हळूच म्हणाले, "लई घट्ट नको करू."

घरी येताना नाक्यावर गाड्या अडल्या तेव्हा तात्या आपणहून बोलले. "दुसरं काय सांगून जाऊ तिच्या दारात, मास्तर?"

पुढच्या रविवारी वज्रेश्वरीला त्यांनी बॉनेट उघडलं नाही. दिवा लागला नाही, वाफ आली नाही. मला वाटलं, आज आपण सरळ कुंडांवर जाणार. पण काकूंच्या दाराशी तात्यांनी गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं. आवाज ऐकून काकू सवयीनं कळशी घेऊन बाहेर आल्या. गाडीकडे बघितलं आणि तिथंच थबकल्या.

तात्या खाली उतरले. लुंगी सारखी करत, मान खाली घालून म्हणाले, "आज गाडीला नको. मना दे."

काकूंनी कळशी खाली ठेवली, आत जाऊन तांब्या आणला. तात्या ओट्याच्या कडेला बसून एकेक घोट पाणी पीत राहिले. तांब्या रिकामा झाला तशा काकूंनी न विचारता तो पुन्हा भरून आणला.

काकू त्या दिवशी आमच्याबरोबर आल्या नाहीत, नंतरही नाहीत. येताना अंबाडीपाशी तात्या म्हणाले, "आपल्या शेतातल्या विहिरीचं पानी असंच गोड लागायचं. तिनंच जागा दाखवली होती, हितं खना म्हनून."

आता त्या विहिरीवर गोदाम आहे, हे मला ठाऊक होतं. तात्यांनाही होतं.