पीटरभाऊंची बिनतोंडाची माणसं

बेल्जियमहून कंधारला येऊन आमच्या माडीवर भाड्यानं राहिलेले पीटरभाऊ कष्टकरी माणसांची चित्रं काढायचे, पण एकालाही तोंड म्हणून द्यायचे नाहीत. मला भाकरी थापताना काढलं. हात, बांगड्या, काठवट, सगळं जागच्या जागी आणि वर मुंडकंच गायब! मी म्हटलं, "अहो, जिवंत आहे मी अजून!" तर म्हणाले, "ताई, काम हात करून राहिले. तोंड न्हाई."

त्यांची मराठी मोंढ्याच्या बाजारातल्या हमालांकडून उचललेली. चित्र चालू असताना कुणी कौतुकानं मान वळवली की खेकसायचे, "इकडं काय बघून राहिले? काम करा!" न्हावी, चांभार, एस्टी धुणारे, सगळ्यांनी बोलणी खाल्ली. पण खरा जीव कोपऱ्यावरच्या खाजाभाई पिंजाऱ्यांवर. ते कापूस पिंजायचे, हे मागं स्टूल टाकून बसायचे. दोन वर्षांत तीन वह्या भरल्या.

गेल्या उन्हाळ्यात खाजाभाई झोपेतच गेले. विधवेनं घरातच राहायची इद्दत संपली तशी त्यांची बायको, खातूनबी, आमच्या ओसरीवर आली. "भाऊ, ह्यांचा तोंडासकट एक कागद द्या. घरात फोटू न्हाई. आधार कार्डावर तर निस्ते चोर दिसतेत."

पीटरभाऊंनी तिन्ही वह्या आणल्या. पाठ, खांदे, कोपरं, बोटं. ती पानं उलटत गेली आणि हे घामाघूम होत गेले. शेवटी म्हणाले, "तुम्ही सांगा. मी काढतो."

मग रोज दुपारी तेच. ती सांगायची, नाक जरा बसकं, हसले की डावा डोळा बारीक. हे काढून दाखवायचे. ती मान हलवायची, "हे न्हाईत." मग चित्र राहायचं बाजूला. लग्नात खाजाभाई कशावरून रुसले, पहिल्या गादीत कशा गाठी राहिल्या, ती सांगत बसायची, आणि कुणाला मान वर करू न देणारा हा माणूस पेन्सिल खाली ठेवून तिच्याकडे बघत ऐकायचा. असा महिना गेला.

एकदा मी कप आणायला माडीवर गेले, तर वहीखाली कागद. खाजाभाई! हुबेहूब! डावा डोळा बारीक करून हसणारे. खाली तारीख तीन आठवड्यांपूर्वीची.

माझं डोकंच फिरलं. खातूनबी घरी गेल्यावर तो कागद पीटरभाऊंपुढं आपटला. "लाज वाटत नाही? बाई रोज आस लावून येते!"

त्यांनी कागद उचलून वहीत ठेवला. "दिलं की ती येणार न्हाई, ताई. मला इथं कुणी बोलत न्हाई. तिकडं पण कुणी न्हाई."

"ते मला सांगू नका. उद्या द्या."

दिलं. खातूनबीनं कागद छातीशी धरला, "हेच," म्हणाली आणि पोटभर रडली. जाताना दहादा दुवा दिली.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता पीटरभाऊ वही घेऊन ओसरीवर येऊन बसले. पाच वाजले तरी बसलेलेच. मी हातातलं टाकून त्यांच्याजवळ जाऊन बसले.