आबांचा समुद्र

मानसिंग सुभेदार ठाम होते. अंदमानात नोकरी काढलेल्या माणसाला समुद्राचा उजेड शिकवायचा नसतो!

लेक रेश्मा नोकरीसाठी बंगळुरूला गेली आणि तिची खाऱ्या पाण्याची, जिवंत प्रवाळांची काचपेटी विश्रामबागच्या फ्लॅटवर आबांच्या गळ्यात पडली. बायको मागच्या साली गेली. घरात आता सोबतीला दोन नारिंगी मासे. सुभेदार त्यांना फर्मान सोडत, मासे तोंड फिरवून जात! रेश्माचा व्हिडिओ कॉल मात्र रोज यायचा, या पेटीपायीच.

"आबा, दिवे फार निळे झालेत. लग्नाचा मांडव वाटतोय! ॲपमधून पांढरा जरा वाढवा. अगदी जरा हं!"

"जरा" हा हुकूम पलटणीत कधी ऐकलाच नव्हता. सुभेदारांनी पांढरा पार टोकाला नेला. पेटी भर दुपारच्या परेड मैदानासारखी तळपली! मासे दगडामागं दडले, फुललेली प्रवाळं मुठी आवळल्यागत मिटली.

"मेली का काय गड्या!" सुभेदार पेटीवर वाकले. पोरीला काय तोंड दाखवायचं? चष्मा न लावताच ते फोनवर दिसेल ते दाबत सुटले. त्यात ॲपमधलं 'वादळ' दाबलं गेलं, आणि पेटीत विजा चमकायला लागल्या!

समोरच्या लीलाबाईंनी खिडकीतून लखलखाट पाहिला नि बोंब ठोकली, "सुभेदारांच्यात शॉर्टसर्किट झालं!" कुणी मेन स्विच पाडला, कुणी वाळूची बादली आणली, कुणी नुसतंच दार बडवलं.

"आवं सुभेदार, हाय का न्हाई तुमी?"

"हाय, हाय! वाळू टाकू नका, मासे हायती!"

"माशांस्नी वीज कशापायी?"

सुभेदारांनी दार उघडलं, सगळे आत शिरले. कुणी मेन स्विच वर केला, वीज परत आली. सुभेदारांनी चष्मा लावला, वादळ थांबवलं, पांढरा हळूहळू उतरवला. अख्खा मजला पेटीभोवती उभा. बऱ्याच वेळानं एका प्रवाळानं बोटं बाहेर काढली.

"उघडलं! उघडलं!" लीलाबाईंनी टाळ्या पिटल्या.

मग चहा झाला. कप पुरेनात म्हणून वाट्या निघाल्या. बायको गेल्यापासून त्या घरात एवढा गलका झाला नव्हता.

सगळे पांगले आणि रेश्माचा व्हिडिओ कॉल आला. "आबा, काय सुंदर! उथळ पाण्यात ऊन पडल्यासारखं! आता दिव्यांना हात लावू नका, सगळं आपोआप चालेल. रोज फोन करून तुम्हाला त्रास द्यायला नको आता."

सुभेदारांनी पेटीकडं पाहिलं. खरंच, हुबेहूब समुद्र!

"न्हाई म्हणजे... मला वाइच निळंच दिसतंय, पोरी," ते म्हणाले. "उद्या बघतीस का?"