सतरा स्लाइड्स

बातमी आली तेव्हा मी ऑफिसात एका जुन्या पत्राला तिसरं स्मरणपत्र लिहीत होतो. मंगळवार होता. पंखा नेहमीसारखा कुरकुरत होता. फोनवर शाळेचा संदेश आला: आपल्या पाल्याची कलाप्रदर्शनासाठी निवड झाली आहे. विषय, डोळ्यांना न दिसणारं जग. आराखडा सोमवारपर्यंत द्यावा.

मुलगी नववीत आहे. तिची आई गेल्याला अकरा महिने झाले होते, आणि एवढ्या काळात आम्हा दोघांचं बोलणं दोन प्रश्नांवर येऊन ठेपलं होतं. 'जेवलीस?' 'हो.' 'दप्तर भरलंस?' 'हो.' (तिसरा प्रश्न मला सुचत नसे.) म्हणून मी ठरवलं, आपण मदत करायची.

"आराखडा मी करून देतो," संध्याकाळी मी म्हणालो.

"बाबा, चित्र आहे ते. टिपण नाही."

"आराखडा तो आराखडा. प्रस्तावना, उद्दिष्टं, अपेक्षित फलनिष्पत्ती..."

तिनं माझ्याकडे अगदी तिच्या आईसारखं पाहिलं, म्हणजे नसलेल्या चष्म्याच्या वरून. मग म्हणाली, "आईच्या मायक्रोस्कोपमधून काहीतरी बघू या?"

बायको पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होती. लॅबनं मोडीत काढलेला एक मायक्रोस्कोप तिनं घरी आणला होता. तो कपाटावर, कापडाखाली होता. ते कापड मी उचललं नव्हतं. मुलीनं स्टुलावर चढून ते सरळ ओढलं, आणि मागून एक चपटी लाकडी पेटी निघाली. आत सतरा स्लाइड्स. प्रत्येकीवर तिच्या बारीक अक्षरात नंबर आणि तारीख. बाकी काही नाही.

"आई घरी काय तपासत होती?"

"काहीतरी महत्त्वाचं असणार," मी म्हणालो. (मला काहीच ठाऊक नव्हतं. एकोणीस वर्षांच्या संसारात एक बाई एकाच घरात एक गोष्ट सतरा वेळा करते आणि नवऱ्याला पत्ता नाही, असा नवरा शोधायला वेगळा मायक्रोस्कोप लागेल.)

मुलीनं सात नंबरची स्लाइड लावली. "बाबा, बघा ना!"

मी पाहिलं. पांढरे पिळदार दोरखंड, त्यांवर निळे डाग, आणि मध्ये टोकदार चमकते खडे. मुलगी म्हणाली, "किती सुंदर!" मला मात्र घाम फुटला. लॅब, लपवलेली पेटी, सतरा नमुने! हे जंतूच.

"हात धू!" मी ओरडलो. मग स्वतःचे चार वेळा धुतले. घरातले सगळे चमचे उकळले. (चमचेच का, ते आजही सांगता येत नाही.)

सकाळी घसा खवखवायला लागला. मी जन्माचा प्रामाणिक कारकून. रजेच्या अर्जात लिहिलं: 'घरामध्ये अज्ञात जंतूंशी संपर्क आल्याची शक्यता नाकारता येत नाही.' साहेबांनी अर्ज दोन बोटांत धरून वाचला.

"आत येऊ नका. दारातूनच बोला. कसले जंतू?"

"निळसर आहेत, साहेब."

जेवणाच्या सुट्टीपर्यंत आमचा विभाग रिकामा झाला. खुर्च्यांवर फवारणी झाली. मी हाताळलेली सगळी पत्रं गच्चीवर उन्हात वाळत घातली गेली, वर एकेक दगड. मला शनिवारपर्यंत घरी बसण्याचा लेखी आदेश मिळाला.

तो आदेश घेऊन संध्याकाळी घरी येऊन पाहतो तर शाळेतून आल्यावर मुलीनं चार चित्रं काढून ठेवलेली. वर नाव, 'आईचा शोध'.

"बाबा, आईला खरंच काहीतरी नवीन सापडलं असेल तर? चित्राखाली तिचं नाव घालायचं. माझं नाही."

आधी खात्री करू, असं मी म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही. ती माझ्याशी बोलत होती. गुरुवारी आणि शुक्रवारी शाळा सुटल्यावर आम्ही जेवणाच्या टेबलाशी खुर्चीला खुर्ची लावून बसलो. ती रंगवत होती, मी प्रस्तावना लिहीत होतो. मी 'थोर संशोधिका' लिहिलं, तिनं 'थोर' खोडलं. पण जंतूचं नाव लिहिणं भाग होतं. शनिवारी मी बायकोच्या लॅबमधल्या मैत्रिणीला फोन केला, आणि त्या येईपर्यंत मनात एकच होतं: यातून काहीच निघालं नाही, तर ही पोरगी पुन्हा 'हो'वर जाईल.

मुलीच्या या मावशी तोंडाला मास्क लावून आल्या. (मीच तशी ताकीद दिली होती.) त्यांनी डोळा लावला, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. रडताहेत असं वाटून मी पाणी आणायला धावलो. परत आलो तर त्या मास्क काढून हसत होत्या. डोळेही पुसत होत्या.

"भाऊजी, हा तुमचा खिसा आहे."

"काय?"

"शर्टाचा खिसा. तुम्ही कागद तसेच ठेवून शर्ट धुवायला टाकायचात ना? मशीनमधून लगदा निघायचा. ती तो काचेवर घेऊन लॅबमध्ये आणायची. आम्ही ओळखायचं, कशाचा ते. हरेल त्यानं काचसामान धुवायचं. हे सात नंबर म्हणजे बसचं तिकीट. निळी शाई तुमच्या पेनाची. आणि हे खडे साबणाच्या पावडरीचे."

"आणि नऊ नंबर?" मुलीनं विचारलं.

"साहेबांचा मेमो."

(तो मेमो मला मिळालाच नाही, असं मी ऑफिसात लेखी दिलेलं आहे.)

मी मुलीकडे पाहिलं. समोर चार चित्रं, आणि त्यांवर मोठ्या अक्षरात 'आईचा शोध'.

"म्हणजे आई लॅबमध्ये बाबांना हसायची?"

"हसायची तर! पण आम्ही जास्त हसलो की मात्र रागवायची."

मुलीनं सात नंबरला पुन्हा एकदा डोळा लावला. मग हसायला लागली. उचकी लागेपर्यंत हसली. "बाबा, तुम्ही चमचे उकळलेत! खिशासाठी!"

मी शेवटच्या स्लाइडवरची तारीख पाहिली. बायको दवाखान्यात दाखल होण्याच्या सहा दिवस आधीची होती. मी पेटी मिटली.

चित्रांचं नाव बदलून 'बाबांचा खिसा' झालं. आराखडा मंजूर झाला. माझी प्रस्तावना शिक्षिकेनं पूर्ण काढून टाकली. ऑफिसात साहेबांनी माझ्या अर्जावर शेरा मारला होता, 'जंतूचा प्रकार कळवावा.' मी कळवलं, 'सुती.'

सतराही स्लाइड्सची चित्रं काढून झाली आहेत, आता एकच अडचण आहे. मुलीला भिंतीवर सहा-सहाच्या तीन ओळी हव्यात. म्हणजे एक चित्र कमी पडतं. "अठरावी स्लाइड आपण करू," ती म्हणाली. "तुम्ही फक्त खिशात कागद विसरा."

एवढं सोपं काम माझ्यावर आजवर कुणी सोपवलं नव्हतं. पण बायको गेल्यापासून कपडे मीच धुतो. गेले चार रविवार मी मुद्दाम खिशात तिकीट ठेवतो, आणि चारही वेळा मशीनजवळ आल्यावर हात आपोआप खिशात जातो, तिकीट काढतो, फेकून देतो. एकोणीस वर्षं ओरडून जे तिला माझ्या डोक्यात घालता आलं नाही, ते आता मला डोक्यातून काढता येत नाही.

प्रदर्शन परवा आहे. अठरावी स्लाइड अजून झालेली नाही.